जुन्या पाठ्यपुस्तकातून प्रोग्रॅमिंग शिकावे का? सी भाषेच्या एका पुस्तकाच्या आधारे उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. सी भाषेचा विषय पहिल्या वर्षी चांगल्या गुणांनी सुटला, तरी कोरा पडदा समोर आला की सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. व्हिडिओ पाहताना सगळे कळल्यासारखे वाटते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला सांगितले तर प्रोग्रॅम आयता मिळतो. अशा वेळी एका ज्येष्ठ मित्राने हातात दिलेले १९८८ सालचे पुस्तक वाचण्यात आज काही अर्थ आहे का, आणि असल्यास ते कसे वाचावे, असे तुम्ही विचारले आहे.

अर्थ आहे, आणि तो मी त्याच एका पुस्तकावरून दाखवतो, कारण 'जुनी पुस्तके चांगली असतात' असे मोघम विधान मला मान्य नाही. जुनी म्हणून चांगली नसलेली, योग्य कारणाने विस्मरणात गेलेली पुस्तके मी पुष्कळ पाहिली आहेत. तुमच्या हातात आहे ते ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज'. पहिली आवृत्ती १९७८ ची, दुसरी १९८८ ची. सी भाषा रिची यांनीच बेल लॅब्स या अमेरिकेतील संशोधन संस्थेत १९७० च्या दशकाच्या आरंभी घडवली, म्हणजे भाषा घडवणारा माणूसच येथे ती शिकवतो आहे. दुसरी आवृत्ती पावणेतीनशे पानांच्या आत आहे, आणि सी ही मोठी भाषा नसल्याने तिला मोठे पुस्तक मानवत नाही, असे लेखकांनी प्रस्तावनेत स्वच्छ सांगितले आहे. त्यातील उदाहरणे पुस्तकाच्या मजकुरातूनच थेट उचलून तपासलेली आहेत, हेही त्यांनी तेथेच नोंदवले आहे.

मी सुमारे अठ्ठावीस वर्षे उपकरणांच्या आत चालणारे सॉफ्टवेअर लिहितो आहे. पुण्यात पदविकेला असताना या पुस्तकाची स्वस्त भारतीय आवृत्ती मी अप्पा बळवंत चौकातून जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून घेतली होती. त्या वेळी आमचे शिक्षण टर्बो सी (सी प्रोग्रॅम लिहून चालवण्याचे जुने साधन), प्रॅक्टिकलची फाइल आणि 'लोकल ऑथर'ची पुस्तके यांवर चालत असे. त्या पुस्तकांवर परीक्षा निघत होती, पण त्यांतला प्रत्येक प्रोग्रॅम पूर्ण झालेल्या अवस्थेतच समोर येई: वर प्रश्न, खाली कोड, त्याखाली आउटपुट. तो असाच का लिहिला, वेगळा लिहिला असता तर काय बिघडले असते, आणि दिला आहे तोही कोणत्या इनपुटला फसेल, हे कोणी विचारत नसे. कर्निहॅन आणि रिची यांच्या पुस्तकात मला पहिल्यांदा दिसले की प्रोग्रॅम वाचकासमोर घडतो, मग त्याची परीक्षा घेतली जाते, आणि ती परीक्षा वाचकाकडूनच करवून घेतली जाते. माझ्या दृष्टीने या पुस्तकाचे सारे मोल यात आहे, आणि कोऱ्या पडद्यासमोर तुम्हाला जे अडते आहे त्याचा संबंधही याच गोष्टीशी आहे.

पहिलाच स्वाध्याय पाहा. पडद्यावर दोन शब्दांचा नमस्कार छापणारा प्रोग्रॅम चालवून झाल्यावर, त्याचे एकेक भाग मुद्दाम काढून टाका आणि कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन, कोणत्या तक्रारी करतो ते पाहा, असे लेखक सांगतात. म्हणजे शिक्षणाच्या पहिल्या दिवशीचे पहिले काम चालता प्रोग्रॅम मोडण्याचे आहे. ज्याने अर्धविराम, कंस, हेडर फाइल हे सारे स्वतःच्या हाताने काढून त्या त्या वेळचा संदेश वाचला आहे, तो पुढे खऱ्या कामात चाळीस ओळींचा एरर आला तरी गडबडत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या अनेक हुशार पदवीधरांना एररची पहिली ओळ नीट वाचण्याची सवय नसते, कारण त्यांना आजवर नेहमी चालणारा कोडच दाखवला गेलेला असतो.

त्यानंतर येतो फॅरनहाइटचे सेल्सिअस करून देणारा तक्ता, ० ते ३०० अंशांचा, २० च्या टप्प्याने. दुसऱ्या आवृत्तीत तो आधी पूर्णांक वापरून लिहिला आहे, आणि सूत्रात आधी पाचने गुणून मग नऊने भागले आहे. असे का, तर पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून पडतो. पाच भागिले नऊ आधी केले असते तर उत्तर शून्य आले असते आणि सगळा तक्ता शून्यांनी भरला असता. हे कारण तेथेच दिले आहे. पण लेखक एवढ्यावर थांबत नाहीत. पहिल्या ओळीत उणे १७ छापले गेले असले तरी खरे उत्तर सुमारे उणे १७.८ आहे, हा आपल्याच प्रोग्रॅमचा दोष ते स्वतः दाखवतात आणि तोच तक्ता दशांश अपूर्णांकांनी पुन्हा लिहितात. पुढे तोच प्रोग्रॅम फॉर लूपने पुन्हा, आणि मग त्यातील सुटे आकडे बाहेर काढून त्यांना नावे देऊन पुन्हा एकदा लिहिला आहे. चार वेळा एकच तक्ता! वर्गात एवढा धीर कोणाला असतो? पण कोऱ्या पडद्यावर सुरुवात कशी करायची याचे उत्तर मला त्या चार आवृत्त्यांतूनच मिळाले. आधी ओबडधोबड पण चालेल असे लिहायचे, त्यातले चुकीचे काय ते डोळ्यांनी पाहायचे आणि मग एका वेळी एकच गोष्ट सुधारायची.

शब्द मोजणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनंतरचा स्वाध्याय तर एका वाक्याचा आहे: हा प्रोग्रॅम तुम्ही कसा तपासाल, आणि त्यात चूक असेल तर ती कोणत्या प्रकारच्या इनपुटमुळे उघडी पडेल? येथे कोड लिहायचाच नाही, फक्त विचार करायचा आहे. रिकामी फाइल, एकही शब्द नसलेली पण मोकळ्या जागांनी भरलेली फाइल, शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ नसलेली फाइल, एकच प्रचंड लांब शब्द असलेली फाइल अशी यादी मी कागदावर केली होती. टेस्टिंग हा स्वतंत्र विषय म्हणून मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी भेटला, पण त्याचा गाभा या एका स्वाध्यायात येऊन गेला होता.

आता दोन उदाहरणे सविस्तर सांगतो, कारण पुस्तकातील ज्ञान आणि नोकरीतील काम यांचा सांधा त्यांत दिसतो.

तिसऱ्या प्रकरणात पूर्णांकाचे अक्षरांच्या ओळीत रूपांतर करणारे एक लहान फंक्शन आहे. संख्या ऋण असेल तर चिन्ह लक्षात ठेवायचे, संख्या धन करून घ्यायची, दहाने भागून बाकी काढत जायचे, प्रत्येक बाकीत शून्य या अक्षराचा सांकेतिक अंक मिळवून अक्षर तयार करायचे आणि शेवटी सगळी ओळ उलटी करायची. हे फंक्शन दिल्यानंतर लेखक स्वाध्यायात सांगतात की टूज कॉम्प्लिमेंट या, ऋण संख्या साठवण्याच्या संगणकातील पद्धतीत ते सर्वांत मोठ्या, म्हणजे शून्यापासून सर्वांत दूरच्या, ऋण संख्येसाठी चालत नाही. का चालत नाही ते सांगा आणि ते दुरुस्त करा. विद्यार्थी असताना मी हा स्वाध्याय एका संध्याकाळी सोडवला होता आणि तो पुढे कधी उपयोगी पडेल असे मला मुळीच वाटले नव्हते.

सुमारे वीस वर्षांपूर्वी कारखान्यातील भट्टीचे तापमान दाखवणाऱ्या एका उपकरणाचे सॉफ्टवेअर आमच्याकडे होते. त्यातील मायक्रोकंट्रोलरवर (उपकरणातील छोट्या संगणक-चिपवर) पूर्णांक १६ बिटांचा होता. सेन्सरची वायर तुटली की खालच्या थरातील कोड 'वाचन उपलब्ध नाही' या अर्थाने उणे ३२,७६८ ही संख्या वर पाठवत असे, आणि पडद्यावर चार आडव्या रेघा उमटाव्यात अशी योजना होती. एका ठिकाणी ती तपासणी राहून गेली आणि ती संख्या थेट अक्षरांत रूपांतर करणाऱ्या फंक्शनकडे गेली. ग्राहकाकडील तंत्रज्ञाने फोनवर सांगितले की पडद्यावर एक उणे चिन्ह आणि त्यापुढे उघडणारा कंस दिसतो आहे, बाकी काही नाही. आमच्याकडे दोन दिवस पडद्याच्या रिबन केबलवर, सैल जोडणीवर आणि भट्टीजवळच्या विद्युत गोंगाटावर संशय घेण्यात गेले.

तिसऱ्या दिवशी मला तो स्वाध्याय आठवला आणि मी कागदावर आकडे मांडले. १६ बिटांत सर्वांत मोठी धन संख्या ३२,७६७ आहे, म्हणून उणे ३२,७६८ चे चिन्ह बदलले तरी ती संख्या ऋणच राहते. तिला दहाने भागल्यावर बाकी येते उणे आठ. आस्की या, अक्षरांना अंक देणाऱ्या पद्धतीत शून्य या अक्षराचा अंक ४८, त्यातून आठ गेले की ४०, आणि ४० हा उघडणाऱ्या कंसाचा अंक आहे. पुढचा भागाकारही ऋणच येतो, आणि लूप तर 'शून्यापेक्षा मोठे असेतोवर' चालणारा आहे, म्हणून तो पहिल्याच फेरीत संपतो. मग उणे चिन्ह जोडले जाते, ओळ उलटते आणि पडद्यावर नेमके तेच उमटते: उणे चिन्ह आणि उघडणारा कंस. आमचे फंक्शन पुस्तकातल्याच साच्यावर कोणीतरी पूर्वी लिहिले होते. स्वाध्याय मात्र सोडवला नव्हता. केबल निर्दोष होती. दुरुस्ती दोन ओळींची झाली.

ही माहिती आज शोधली तर दोन मिनिटांत मिळते, हे मला मान्य आहे. पण शोधायचे काय, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? रिबन केबलबद्दल आम्ही भरपूर शोधले होते. चाळीस आणि अठ्ठेचाळीस यांतला आठाचा फरक डोक्यात चमकण्यासाठी ते फंक्शन पूर्वी एकदा हाताने, कागदावर, आकडा आकडा करून चालवलेले असावे लागते.

दुसरे उदाहरण बायनरी सर्चचे. क्रमाने लावलेल्या यादीत मधला घटक पाहायचा आणि हवी ती वस्तू डावीकडच्या अर्ध्यात आहे की उजवीकडच्या, हे ठरवत यादी निम्मी निम्मी करत जायची. कल्पना शाळकरी मुलालाही कळते. तरीही संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या आपल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात नोंदवले आहे की या पद्धतीचे पहिले प्रकाशित रूप १९४६ चे असले, तरी कोणत्याही लांबीच्या यादीवर बरोबर चालणारे रूप १९६२ पर्यंत प्रसिद्ध झाले नव्हते. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली व्यावसायिक प्रोग्रॅमरना अभ्यासवर्गात हाच प्रोग्रॅम दोन तास देऊन लिहायला सांगत, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार सुमारे नव्वद टक्के लोकांना आपल्या लिखाणात चुका सापडत. कल्पना समजणे आणि प्रोग्रॅम बरोबर लिहिणे यांत केवढे अंतर आहे, हे व्हिडिओ पाहून 'सगळे कळल्यासारखे' वाटणाऱ्या प्रत्येकाने या दोन गोष्टींवरून जोखावे.

पुढची कथा अधिक बोधक आहे. बेंटली यांनी आपल्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या पुस्तकात हा प्रोग्रॅम तर्कशुद्ध रीतीने सिद्ध करून दाखवला होता. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉख यांनी जाहीर केले की त्या रूपात आणि जावा भाषेच्या अधिकृत लायब्ररीतील (तयार फंक्शनांच्या संचातील) त्यांनी स्वतः लिहिलेल्या रूपातही एक चूक आहे. मधला घटक काढताना खालची आणि वरची सीमा यांची बेरीज करून दोनने भागले होते. यादी सुमारे १०७ कोटींहून अधिक घटकांची झाली की ती बेरीज ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही, ऋण होते आणि प्रोग्रॅम कोसळतो. आमच्या टर्बो सीच्या १६ बिटांच्या पूर्णांकात हीच मर्यादा १६,३८४ घटकांच्या पुढे लगेच येत होती. कॉलेजात एवढी मोठी यादी कोणी घेतली नाही, म्हणून ती कोणाला दिसली नाही, इतकेच.

आता कर्निहॅन आणि रिची यांच्या पुस्तकाकडे वळा. तिसऱ्या प्रकरणात त्यांनी बायनरी सर्च दिला आहे आणि त्यात मधला घटक बेरजेनेच काढला आहे. म्हणजे तीच चूक येथेही आहे. पण सहाव्या प्रकरणात ते हाच शोध पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता) वापरून पुन्हा लिहितात, आणि तेथे ते बेरजेचे सूत्र मांडून त्यापुढे 'चूक' असा शेरा मारतात. कारण वेगळे आहे: दोन पॉइंटरची बेरीज सी भाषेत करताच येत नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन घरांचे पत्ते एकमेकांत मिळवून काही अर्थ निघत नाही. त्यांच्यातील अंतर मात्र मोजता येते आणि पहिल्या घरापासून त्या अंतराच्या निम्मे चालत गेले की मधले घर सापडते. म्हणून वरच्या सीमेतून खालची वजा करा, अर्धे करा आणि ते खालच्या सीमेत मिळवा, असे सूत्र त्यांनी दिले. अठरा वर्षांनंतर ब्लॉख यांच्या लेखातील एक सुरक्षित सूत्र नेमके हेच होते. एकाच पुस्तकात, तीन प्रकरणांच्या अंतराने, दोष आणि त्याचा उपाय दोन्ही छापलेले होते, आणि जगभरच्या वाचकांनी ते दोन्ही वाचले होते.

आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या मुलांना मी ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवून देतो आणि फरक का आहे ते विचारतो. बहुतेक जण पॉइंटरचे कारण सांगतात. क्वचित एखादी मुलगी किंवा मुलगा म्हणतो की मग तिसऱ्या प्रकरणातही दुसरेच सूत्र का वापरू नये? तो प्रश्न ज्याला पडला, त्याच्याबद्दल मला फारशी काळजी उरत नाही. असा प्रश्न पडायला मात्र दोन्ही प्रोग्रॅम संपूर्ण, लहान आणि एकाच हाताने लिहिलेले समोर असावे लागतात. तुकड्या-तुकड्यांनी शिकताना ही सोय मिळत नाही.

यावरून असे समजू नका की हे पुस्तक डोळे मिटून मानावे. त्याच्या काही मर्यादा गंभीर आहेत आणि त्या ठाऊक असूनच ते हाती घ्यावे. पाचव्या प्रकरणात अक्षरांची ओळ एका जागेहून दुसरीकडे उतरवणारे फंक्शन आधी अॅरेने (ओळीने मांडलेल्या घटकांच्या संचाने), मग पॉइंटरने, आणि आकसत आकसत शेवटी एका ओळीत बसवले आहे. ती एक ओळ समजून घेणे हा पॉइंटर शिकण्याचा उत्तम व्यायाम आहे, आणि दुसऱ्यांचा कोड वाचायचा तर ती ओळखता आलीच पाहिजे. पण जिथे उतरवायचे तिथे जागा पुरेशी आहे का, हे ती ओळ विचारत नाही. एक ओळ वाचून घेणारे गेट्स हे लायब्ररीतील फंक्शनही पुस्तकात कोणत्याही इशाऱ्याविना येते. याच फंक्शनच्या बेसावधपणाचा फायदा घेऊन नोव्हेंबर १९८८ मध्ये, म्हणजे ही आवृत्ती निघाली त्याच वर्षी, मॉरिस वर्म हा स्वतःच्या प्रती करत जाणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. शेवटी २०११ च्या सी मानकातून गेट्स काढून टाकण्यात आले. तेव्हा पुस्तकातील प्रत्येक अॅरेपाशी थांबून 'येथे जागेपेक्षा जास्त आले तर?' असे समासात लिहीत जा. हा स्वाध्याय पुस्तकात नाही; तो आजच्या वाचकाने स्वतः जोडायचा आहे.

काही अडचणी निव्वळ काळाच्या आहेत. पुस्तकातील मेन फंक्शनच्या नावाआधी बहुतेक ठिकाणी परतीच्या मूल्याचा प्रकार लिहिलेला नाही, आणि जीसीसी या कंपायलरच्या २०२४ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीपासून तो न लिहिणे हा नुसता इशारा न राहता एरर ठरतो. नावाआधी इंट आणि कंसात व्हॉइड लिहा, म्हणजे प्रश्न मिटेल. पहिल्या प्रकरणातील सर्वांत लांब ओळ शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गेटलाइन नावाचे फंक्शन आहे. त्याच नावाचे वेगळे फंक्शन आता लिनक्सच्या हेडर फाइलमध्ये असल्याने कंपायलर भांडतो. नाव बदलून घ्या. चौथ्या प्रकरणातील कॅल्क्युलेटरमधले गेटसीएच हे टर्बो सीमध्ये पडदा थांबवण्यासाठी आपण वापरतो ते नव्हे. लेखकांनी ते स्वतः लिहिले आहे, आणि वाचलेले अक्षर परत ठेवण्याची सोय त्याच्या जोडीने केली आहे. या नावसाधर्म्यामुळे मी स्वतः एक संपूर्ण रविवार चुकीच्या समजुतीत घालवला होता.

वाचावे कसे, याबद्दल. पहिल्या प्रकरणाला तीन आठवडे द्या, रोज तासभर. प्रोग्रॅम वाचा, पुस्तक मिटा आणि तो आठवणीने नव्हे तर विचाराने पुन्हा लिहा. अडलात तर उघडा, पण पाहून उतरवू नका. चालवण्यापूर्वी आउटपुट काय येईल ते वहीत लिहा. अंदाज चुकला की तिथेच काहीतरी शिकण्यासारखे आहे असे समजून पुढे जाणे थांबवा. दुसरे प्रकरण भराभर चालेल, मात्र बिटांवरचे स्वाध्याय सोडू नका. पाचवे प्रकरण पॉइंटरचे, ते सर्वांत सावकाश. सातवे गरजेपुरते. आठव्यातील मेमरी वाटप करणारा प्रोग्रॅम शेवटी अवश्य करा, कारण मॅलॉकने (मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) मिळणारी जागा कुठून येते, परत केलेले शेजारचे तुकडे पुन्हा कसे जोडले जातात, हे तेथे थोडक्या ओळींत उघडे करून दाखवले आहे, आणि ते पाहिल्यावर मेमरी लीक (घेतलेली मेमरी परत न करणे) हा शब्द नुसता शब्द राहत नाही.

मराठी माध्यमाचा मुद्दा तुम्ही संकोचाने मांडला आहे, तसे करण्याचे काही कारण नाही. माझेही शिक्षण मराठीतूनच झाले. या पुस्तकाची इंग्रजी साधी आहे, पण घट्ट विणलेली आहे. एका वाक्यात इतके भरलेले असते की इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही ते दोनदा वाचावे लागते. मी एक वही केली होती आणि प्रत्येक विभाग झाला की त्यातले म्हणणे मराठीत, धाकट्या भावाला सांगावे तसे लिहीत असे. पॉइंटर, अॅरे, लूप हे शब्द तसेच ठेवायचे, त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधायचे नाहीत, पण कारणे मात्र आपल्या भाषेत मांडायची. फाइलमधून अक्षर वाचून ज्यात ठेवायचे ते व्हेरिएबल कॅरेक्टर प्रकारचे न घेता इंट का घ्यायचे, याचे माझे त्या वहीतील उत्तर असे होते: 'फाइल संपली ही खूणही त्याच भांड्यात येते, आणि ती कोणत्याही खऱ्या अक्षराहून वेगळी ओळखू यायला हवी, म्हणून भांडे एका अक्षराहून मोठे हवे.' इंग्रजीतील वाक्य पाठ करून तोंडी परीक्षा निघाली असती. हे वाक्य लिहिल्यावर ती चूक माझ्या हातून पुन्हा झाली नाही.

व्हिडिओ आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांबद्दल माझे मत कठोर नाही. कंपायलर बसवणे, डिबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावणे अशा हाताच्या गोष्टी व्हिडिओतून पटकन कळतात, आणि नवी साधने मीही कामात रोज वापरतो. पण ती साधने जे लिहून देतात ते बरोबर आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी माझीच राहते, आणि कारखान्यातील भट्टीच्या पडद्यावर काय उमटते याचा जाब मलाच विचारला जातो. तुम्ही एक प्रयोग करा. वरचे अक्षर-रूपांतराचे फंक्शन साधनाकडून लिहून घ्या आणि वाचूनच सांगा की सर्वांत मोठ्या ऋण संख्येला ते टिकेल का. मग चालवून पाहा. तिसरे प्रकरण करण्यापूर्वी एकदा आणि केल्यानंतर एकदा असा हा प्रयोग करून वहीत दोन्ही उत्तरे ठेवा.

इतर जुन्या ग्रंथांविषयी थोडक्यात लिहितो. क्नूथ यांच्या मालेचा पहिला खंड १९६८ चा आहे आणि ती अजून पूर्ण व्हायची आहे. त्यातील स्वाध्यायांना शून्यापासून पन्नासपर्यंत अवघडपणाचे अंक दिलेले आहेत, आणि पन्नासच्या आसपासचे म्हणजे संशोधनाचे प्रश्न. पुस्तकातील चूक प्रथम दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंट देत आले आहेत, यावरून लेखक आपल्या मजकुराबद्दल किती जागरूक आहे ते कळते. तरी दुसऱ्या वर्षाला तो सलग वाचायला घेऊ नका. डेटा स्ट्रक्चर शिकताना पहिल्या खंडातील लिंक्ड लिस्टचा भाग तेवढा पाहा. एमआयटीच्या एबलसन आणि सस्मन यांचे १९८५ चे पुस्तक स्कीम भाषेत आहे, प्रकाशकांनीच ते नेटवर विनामूल्य ठेवले आहे, आणि शेवटी ते वाचकाकडून भाषेचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम लिहून घेते. तो अनुभव मोठा आहे, पण सी हातात बसल्यानंतरचा. बेंटली यांचे लेख मात्र तुम्ही येत्या सुट्टीतच वाचू शकाल. थ्रेड, नेटवर्क, गिट, आजच्या पद्धतीची स्वयंचलित टेस्टिंग यांसाठी यांतले एकही पुस्तक पुरेसे नाही. त्या गोष्टी वेगळ्या आणि नव्या साधनांतून शिकाव्यात.

तुमच्या मित्राने दिलेली प्रत दुसऱ्या आवृत्तीचीच आहे ना, ते मुखपृष्ठावर एकदा पाहून घ्या. पहिल्या आवृत्तीत फंक्शनचे पॅरामीटर लिहिण्याची जुनी पद्धत आहे, ती आज गोंधळात टाकेल. कॉलेजमध्ये टर्बो सी असला तरी घरी जीसीसी किंवा क्लँग हा कंपायलर वापरा आणि सगळे इशारे दाखवण्याचा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. स्वाध्यायांची उत्तरे नेटवर सहज सापडतात. आपले उत्तर चालू लागल्यावर ती अवश्य पाहा, त्याआधी नको. एकाच स्वाध्यायावर दोन संध्याकाळी गेल्या आणि तरी काहीच हललेले नसेल, तर तुम्ही केलेला प्रयत्न आणि वहीतला अंदाज दोन्ही मला पाठवा. त्यावरून नेमके कुठे अडले आहे ते सांगता येईल.